दगडावरची भाषा आणि माणसांची भाषा : सीमाभागातील काही देवस्थाने

सीमाप्रश्नाची चर्चा रंगात आली, की दोन्ही बाजूंकडून एक साक्षीदार हमखास पुढे केला जातो. तो म्हणजे देवळातला दगड. कुणी हलशीचा शिलालेख दाखवून हा मुलूख पूर्वापार कानडी असल्याचे सांगतो, तर कुणी श्रवणबेळगोळच्या ओळीवर बोट ठेवून मराठीची सीमा थेट तिथवर नेतो. हे दगड प्रत्यक्षात काय बोलतात, कोणत्या भाषेत बोलतात आणि त्यांच्या बोलण्यावरून आजच्या माणसांच्या हक्काबद्दल काही ठरू शकते का, हे पाहणे अगत्याचे आहे. म्हणून आम्ही आपल्याच परिसरातील काही देवस्थाने यात्रेकरूच्या श्रद्धेने आणि वाचकाच्या डोळ्यांनी पाहिली. त्या पाहणीचा हा गोषवारा.

आरंभ हलशीपासून करणे योग्य. खानापूर तालुक्यातले हे गाव आज भातशेती आणि झाडोरा यांत विसावलेले दिसते. पण पाचव्या-सहाव्या शतकांत 'पलाशिका' या नावाने ते बनवासीच्या कदंब राजांचे एक प्रमुख ठाणे होते. एकोणिसाव्या शतकात येथे सापडलेले ताम्रपट फ्लीट यांनी वाचून प्रसिद्ध केले. त्यांची भाषा संस्कृत असून दाने जैन संघांना दिलेली आहेत. मृगेशवर्म्याने पलाशिकेत जिनालय बांधवले आणि यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक अशा तिन्ही संघांना जमीन दिली. रविवर्म्याच्या काळात कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा अशी व्यवस्था लावून दिली गेली. ज्या गावी आज भाविक भूवराह-नृसिंहाच्या दर्शनाला जातात, त्या गावाची सर्वांत जुनी लिखित आठवण अशी जैन उत्सवाची आहे.

आज उभे असलेले भूवराह-नृसिंहाचे मंदिर त्यानंतर सहाशे वर्षांनी, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गोव्याच्या कदंबांच्या कारकिर्दीत आकाराला आले. समोरासमोर दोन गाभारे आणि त्यांच्यामध्ये मंडप, अशी त्याची विरळा रचना आहे. एका गाभाऱ्यातून निघून सरळ पावले टाकली, की आपण दुसऱ्या देवासमोर उभे राहतो. कदंबांच्या राज्यात 'पलसिगे बारा हजार' हा मोठा प्रांत होता आणि हलशी हे त्याचे मुख्य ठिकाण. या राजांचे हात एकाच वेळी घाटावर आणि घाटाखाली पोचलेले होते. एक डोळा गोव्याच्या बंदरावर, तर दुसरा मलप्रभेच्या खोऱ्यावर.

कित्तूरजवळच्या देगावचे कमलनारायण मंदिर याच घराण्याचे. शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिने ते बांधविले आणि मंदिर घडविणाऱ्या तिप्पोज या शिल्पीचे नावही लेखातून टिकून राहिले. राण्यांची आणि राजांची नावे दगडावर राहतात, पण छिन्नी धरणाऱ्याचे नाव राहणे दुर्मीळ. तीन गाभारे एका ओळीत, समोर लांब मंडप आणि खांबांवर अत्यंत नाजूक काम. येथे आलेल्या पाहुण्याने घाई करू नये. छताकडे मान वर करून पाहण्यातच अर्धी घटका सहज निघून जाते.

या कदंबांचे कुलदैवत सप्तकोटीश्वर. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर नागरी लिपीत सप्तकोटीश्वराचा वर लाभल्याचा अभिमानाने उल्लेख आहे. हे देवस्थान मुळात गोव्यातील दिवाडी बेटावर होते. बहमनी आक्रमणात ते उद्ध्वस्त झाले, चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारले आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले. लिंग खाडीपार नार्व्याला नेण्यात आले आणि तेथील मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सुरू झाला. दारावरच्या लेखात तशी नोंद आहे. लेखाची भाषा मात्र संस्कृत. कानडी मुलखावर राज्य करणाऱ्या राजांचा देव, विजयनगरच्या मंत्र्याने सावरलेला, मराठ्यांच्या छत्रपतींनी पुन्हा प्रतिष्ठित केलेला आणि गोव्यातल्या कोकणी माणसाने आजवर पूजिलेला. हा देव कोणत्या भाषेचा, असा प्रश्न विचारणाऱ्याने आधी त्याचे हे चरित्र वाचावे.

आता बेळगावच्या किल्ल्यात येऊ. येथील कमलबस्ती १२०४ च्या सुमाराची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने ती बांधविली. आत काळ्या पाषाणातील नेमिनाथ आणि मंडपाच्या छतावर उमललेले, पाकळ्यापाकळ्यांतून खाली ओथंबलेले ते प्रसिद्ध दगडी कमळ. गावाचे जुने नाव वेणुग्राम आणि 'वेणुग्राम सत्तर' हा त्याचा परगणा. कदंबांकडून तो रट्टांकडे आला आणि पुढे यादवांनी रट्टांचे राज्य संपविले. रट्टांचे लेख कानडीत आहेत, यात शंका नाही. पण याच कानडी लेखांत हे राजे स्वतःला 'लट्टलूर' नगरीचे स्वामी म्हणवतात, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे इतिहासकार मानतात. आपण कोठून आलो हे सांगताना सौंदत्ती-बेळगावचे हे कानडी राजघराणे मराठवाड्याकडे बोट दाखवते!

त्याच किल्ल्यात, बस्तीपासून थोड्या अंतरावर, आदिलशाही सरदार असदखान लारी याच्या नावाशी जोडलेली साफा मशीद आहे. तिचे काही खांब जुन्या मंदिरांतले आहेत. एका तटाच्या आत जैन बस्ती, मशीद आणि पुढच्या काळातली देवळे अशी शेजारी शेजारी नांदताना पाहिली, म्हणजे 'हे गाव मुळात अमक्याचे' या वाक्यातला 'मुळात' हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते.

एवढे पाहिल्यावर प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. ते लपविण्यात काहीच साधत नाही. हलशी, देगाव आणि बेळगाव येथील मध्ययुगीन लेख संस्कृतात आणि कानडीत आहेत. नवव्या शतकातील 'कविराजमार्ग' या ग्रंथात कन्नड देशाचा विस्तार कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. शं. बा. जोशी यांच्यासारख्या व्यासंगी पंडिताने मराठी संस्कृतीच्या पोटातले कानडी थर उकलून दाखविले, आणि तेही मराठीत ग्रंथ लिहून. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचा शोध घेताना कानडी मुलखाकडे पाठ फिरविली नाही. ज्ञानदेवांनीही आपल्या विठ्ठलाला कानडा म्हणून गौरविले आहे. हे सारे सत्य आहे आणि त्याला नकार देणारा मराठी माणूस स्वतःच्याच वारशाला नकार देतो.

पण दगडाची साक्ष मानायची, तर ती सगळीकडे मानावी लागेल. कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर घ्या. कृष्णेच्या काठावरील या देवळाचा स्वर्गमंडप, त्याचे वर आकाशाला उघडे असलेले वर्तुळ आणि त्याखालची तशीच गोल शिळा पाहण्यासाठी लोक दुरून येतात. येथील बहुतेक लेख जुन्या कानडीत आहेत. यादव राजा सिंघणाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा लेख तेवढा नागरी लिपीत आणि संस्कृत भाषेत आहे. म्हणून शिरोळ तालुका कर्नाटकात घालावा, असे कुणी म्हणेल काय? पंढरपूरला तर विठ्ठलाच्या मंदिरात होयसळ राजा सोमेश्वराचा १२३७ चा लेख आहे, आणि तो संस्कृत-कानडी आहे. त्यानंतर चाळीसएक वर्षांनी, शके ११९५ ते ११९९ या काळात, तिथेच 'चौऱ्याऐंशीचा लेख' कोरला गेला आणि त्यात देणगीदारांची यादी मराठीत आली. लेखाची भाषा बदलली म्हणून चाळीस वर्षांत पंढरपूरची माणसे बदलली, असे कोणताही शहाणा इतिहासकार म्हणणार नाही.

उलट दिशेने पाहा. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायथ्याशी कानडी आणि तमिळ लेखांबरोबर नागरी लिपीतल्या मराठी ओळी आहेत. सुमारे ५७ फूट उंचीची ही मूर्ती गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस घडविली. हा चावुंडराय कानडी गद्याचा एक आद्य लेखक. मराठी ओळींत 'करवियलें' हे क्रियापद आले आहे; पहिल्या ओळीत ते चावुंडरायाच्या मूर्तीसाठी, दुसऱ्या ओळीत गंगराजाने बांधविलेल्या भोवतालच्या आवारासाठी. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. तो बाराव्या शतकाच्या आरंभीचा, म्हणून दोन्ही ओळी त्याच काळात एकदम कोरल्या गेल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्या आवाराला मराठी ओळीत 'सुत्तालें' म्हटले आहे आणि त्या शब्दाच्या मुळाशी 'भोवती' या अर्थाचा द्राविडी धातू आहे. म्हणजे मराठीच्या आद्य लेखांत गणली जाणारी ही ओळसुद्धा कानडी शब्दाचे बोट धरून उभी आहे! ती ओळ तिथे कशासाठी कोरली असेल? मराठी मुलखातून इतके जैन यात्रेकरू तेथे जात असावेत, की त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेत लिहावेसे एका कानडी सेनापतीला वाटले. आम्हांला त्या ओळीचे महत्त्व यातच दिसते. प्रदेशावर हक्क सांगण्यासाठी ती कोरलेली नाही; पाहुण्याला त्याच्या भाषेत माहिती द्यावी एवढ्यासाठी कोरलेली आहे. त्या ओळीवरून हसन जिल्हा महाराष्ट्रात मागणे जितके हास्यास्पद, तितकेच हलशीच्या लेखावरून आजच्या खानापूरच्या मराठी माणसाला 'तू इथला नव्हेस' म्हणून सांगणे.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. शिलालेखाची भाषा ही लेख कोरवून घेणाऱ्याची भाषा असते. दान देणारा राजा, त्याचा मंत्री, त्याच्या दरबारातला कवी आणि लेखनिक यांनी ज्या भाषेत कारभार चालविला, ती दगडावर येते. शेतकरी, कोळी, धनगर, सुतार, कुंभार काय बोलत होते, ते दगडाला ठाऊक नसते. संस्कृत ताम्रपटांवरून पाचव्या शतकातली हलशी घराघरांत संस्कृत बोलत होती असे आपण म्हणत नाही. मग बाराव्या शतकातल्या कानडी लेखांवरून ती घराघरांत फक्त कानडी बोलत होती असे तरी का म्हणावे? आणि बोलत असली, तरी आठशे वर्षांनंतरच्या माणसाच्या मुलाने कोणत्या भाषेत शिकावे, हे त्यावरून कसे ठरते? यादवांच्या काळात मराठीला लेखांत मान मिळू लागला, पुढे आदिलशाहीत फारसीबरोबर मराठी कागदोपत्री वावरली, मग पेशवाई आणि संस्थाने आली. प्रत्येक राजवटीने आपापली भाषा दगडावर आणि कागदावर ठेवली, आणि त्या थरांखाली लोक एकमेकांच्या शेजारी दोन्ही भाषा बोलत राहिले.

म्हणूनच सीमाभागातील मराठी जनतेची मागणी कधीही शिलालेखावर उभी नाही. तशी ती उभी करूही नये. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही तिची चार सूत्रे आहेत. चारही सूत्रे आजच्या जिवंत माणसांबद्दल बोलतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, त्याआधी जानेवारीत याच मागणीसाठी लोकांनी प्राण दिले. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या सर्व प्रवासात आमचे बळ हलशीच्या देवळातून आलेले नाही. हलशीच्या देवळाबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या बोलण्यातून ते आले आहे. न्याय्य मागणीला खोट्या पुराव्याचा टेकू दिला, तर टेकू निसटताना मागणीही कलंडते. याच न्यायाने दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत येथील कानडी भाषकांचे म्हणणे ऐकून घेण्याचीही आमची तयारी असली पाहिजे. जे सूत्र आपण आपल्यासाठी मागतो, ते दुसऱ्याला नाकारता येत नाही.

जिवंत माणसांची साक्ष पाहायची असेल, तर यात्रांना जावे. कोपेश्वराच्या मंदिरात देवासमोर नंदी नाही. परंपरा सांगते, की त्याचा नंदी कृष्णेच्या खालच्या अंगाला, चिकोडी भागातील येडूरला आहे आणि तो आपल्या देवाकडे तोंड करून बसला आहे. देव महाराष्ट्रात, नंदी कर्नाटकात, मध्ये राज्याची हद्द. १९५६ च्या नकाशाने या दोघांचे नाते तुटले नाही, कारण भाविक अजून दोन्हीकडे जातात. रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काला सांगली-कोल्हापूरकडचे धनगर भंडारा उधळीत येतात. मंगसुळीच्या खंडोबाला दोन्ही भाषांत हाक मारली जाते. एकाचा खंडोबा तो दुसऱ्याचा मैलार. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूर भागातून हजारो भाविक जातात. त्यांचे 'उदं गं आई उदं' आणि कानडी भक्तांचे 'उधो उधो' एकमेकांत मिसळून जाते. तिकडून कानडी भाविक जोतिबाच्या डोंगरावर येऊन 'चांगभलं' म्हणतात. बेळगाव-खानापूरच्या खेड्यांतून मराठी वारकरी पंढरपूरची वाट चालतात आणि त्याच विठ्ठलाला कर्नाटकातले हरिदास पुरंदरदासांच्या पदांतून आळवतात.

डिसेंबर २०२२ मध्ये सीमेवर तणाव वाढला आणि दोन्ही राज्यांमधील एसटीच्या फेऱ्या थांबल्या, तेव्हा यल्लम्माच्या यात्रेचेच दिवस होते. घरची माणसे डोंगरावर आणि रस्ते बंद, अशी कोल्हापूरच्या कित्येक कुटुंबांची अवस्था झाली. सीमावादाची झळ कोणाला लागते, हे अशा वेळी कळते. भाषणे करणाऱ्यांच्या गाड्या थांबत नाहीत. डोक्यावर देवीचा जग घेतलेल्या बाईची एसटी थांबते. आमच्या चळवळीने ही गोष्ट कायम डोळ्यांसमोर ठेवावी. मराठी शाळा, मराठी परिपत्रके, मराठी फलक यांसाठी आमचा संघर्ष सरकारी धोरणाशी आहे. तो यल्लम्माच्या भक्ताशी नाही, कानडी भाषेशी तर मुळीच नाही.

या देवस्थानांबाबत काही गोष्टी मात्र तातडीने व्हायला हव्यात. पहिली, शिलालेखांचे रक्षण. कित्येक गावांत लेखाच्या शिळेवर शेंदूर, तेल, चुना आणि अलीकडे ऑइलपेंट यांचे थर चढतात. जीर्णोद्धाराच्या उत्साहात लेख असलेला दगड फरशीखाली जातो किंवा उलटा बसविला जातो. लेख कानडी असो वा मराठी, तो बुजविणारा हात स्वतःच्याच गावाची जन्मनोंद पुसतो. मराठी गावातील मराठी पंचांनी आपल्या देवळातला कानडी लेख जपून ठेवला, तर प्रामाणिकपणाची त्याहून मोठी साक्ष नाही. दुसरी, माहितीफलक. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या महत्त्वाच्या देवस्थानांत लेखाचे वाचन आणि अर्थ कन्नड, मराठी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लावला जावा. खिद्रापूरला कन्नड फलक हवा आणि हलशीला मराठी. जी सोय गंगराजाने नऊशे वर्षांपूर्वी श्रवणबेळगोळला केली, ती आजच्या दोन लोकशाही सरकारांना जड जाऊ नये. तिसरी, तोंडी परंपरेची नोंद. देवळातील मानकऱ्यांची नावे, पालखीचे मार्ग, गाऱ्हाण्यांचे शब्द, जात्यावरच्या ओव्या आणि डोल्लूच्या पदांतली सरमिसळ कुठल्याच दगडावर नाही. ती म्हाताऱ्या माणसांबरोबर दरवर्षी थोडी थोडी निघून जात आहे. गावच्या शाळेतल्या मुलांनी एक वही घातली, तरी फार मोठे काम होईल.

दक्षिण सोलापुरात, सीना आणि भीमा यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल नावाचे स्थान आहे. पलीकडच्या काठापासून कर्नाटक दूर नाही आणि आसपासच्या गावांत कानडी सर्रास बोलली जाते. येथील हरिहरेश्वराच्या मंदिरात शेकडो मुखे कोरलेले एक अजब शिवलिंग आहे. शेजारच्या संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा लेख आहे. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीतील सर्वांत जुन्या कालनिर्दिष्ट लेखांत त्याची गणना होते. मराठीचा इतका जुना कोरीव पुरावा कानडीच्या उंबऱ्यावर सापडावा, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. त्या लेखातले मराठी वाक्य एवढेच सांगते, की जो हे वाचील तो विजयी होईल. अमुक जातीचा, अमुक भाषेचा, अमुक राज्याचा अशी कसलीही अट त्यात नाही. वाचण्याची मात्र आहे.